खांद्याचा मान

पाळक शांतवनराव तायडे यांची आणि माझी पहिली भेट गोठ्यात झाली, आणि त्या भेटीत मी त्यांनाच उपदेश केला. त्यांच्या साठीच्या गौरव-अंकात हे कबूल करताना लाज वाटते, पण करतो. अंकाची बाकी सगळी पाने खामगावच्या छापखान्यात जुळून तयार आहेत. फक्त माझे पान अडले होते. कारण पाळकसाहेब सत्काराला यायलाच तयार नव्हते, आणि त्यांना राजी करण्याचे काम समितीने माझ्या गळ्यात घातले होते. सत्कारमूर्तीच येणार नसेल तर अंक कशाला छापायचा? तीन आठवडे मला धड झोप नव्हती.

तर ती पहिली भेट. मी जळगाव जामोदला मोटारीतून उतरलो तो पोळ्याचा आदला दिवस होता. अंगात कोट, हातात ट्रंक, खिशात आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या शाळेचे नेमणूकपत्र. पाळकसाहेब गोठ्यात आहेत असे कळले. मंडळीचा एकच बैल होता, कपाळावर चंद्रकोर असलेला चांद्या. साहेब धोतराचा काचा मारून त्याचा खांदा कढत फडक्याने शेकत होते. मग पळसाच्या पानाने त्यांनी तिथे लोणी-हळद चोळली आणि बैलाच्या कानाशी वाकून पोळ्याच्या रीतीप्रमाणे म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

माझे तेव्हा वय लहान आणि जीभ लांब. सलामही न करता मी म्हणालो, "पाळकसाहेब, आपण ख्रिस्ती. बैलाची पूजा आपल्यात चालते का?" आणि वर पाच-दहा मिनिटे बोलत राहिलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले. हात मात्र थांबला नाही.

"पूजा नाही करून राह्यलो, मास्तर," ते म्हणाले. "सालभर ह्या खांद्यावर आपलं धान्य आलं, पाणी आलं. त्याले आभार काऊन नाही म्हनायचे? हा गंज धरा जरा, कढत हाय." मी कोटासकट ते कढत पाण्याचे पातेले धरून उभा राहिलो. नोकरीचा पहिला दिवस असा गेला.

मानाची हाव मला जन्माचीच. आमचे नवे प्रार्थनामंदिर उभे राहिले तेव्हा मी मंडळीचा चिटणीस होतो. विटांपासून कौलांपर्यंत दारोदार फिरून मी गोळा केले होते, हे मी कोणालाही विसरू देत नव्हतो. उद्घाटनाला बाहेरगावचे वडील धर्मगुरू येणार होते. समोर तीन खुर्च्या मांडल्या: एक पाहुण्यांची, एक पाळकसाहेबांची, आणि तिसरी अर्थातच माझी, असे मी धरून चाललो होतो. ऐन वेळी मंडळीच्या पंचांनी ती एका तेलगिरणीच्या मालकांना दिली आणि मला सांगितले, "मास्तर, तुम्ही बसा सतरंजीवर."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिथल्या तिथे राजीनामा खरडला. शाळेत शिक्षक मी एकटा. मी गेलो की शाळा बंद, हे मला ठाऊक होते, आणि खरे सांगतो, तेच मला हवे होते. कागद पाळकसाहेबांच्या हातात द्यायला गेलो, तर त्यांची खुर्ची रिकामी. ते मागच्या आवारात लांबून आलेल्या मंडळींच्या गाड्या सोडत होते.

त्यांनी कागद वाचला, घडी केली, परत माझ्या खिशात घातला. "मास्तर, पोळ्याले शिंगाईले बेगड लावतात, गळ्यात घुंगरं बांधतात, ते लोकाईले पाहाले. आवतन मात्र खांद्याले. काऊन?"

एका बैलाच्या मानेवरचे जू उतरवत त्यांनीच उत्तर दिले.

"जू तिथंच असते म्हनून. आपल्या प्रभूनं शिष्याईचे पाय धुतले, खुर्ची नाही मांगितली. राजीनाम्याचं मंग पाहू. पहिले पानी आना, बैलं तहानले हायत."

मी पाणी आणले. चौथ्या-पाचव्या बादलीला राजीनाम्याचा खिशातच लगदा झाला. मग आम्ही दोघे मागच्या दाराने शिरून सतरंजीच्या टोकाला बसलो. पाळकसाहेबांच्या खुर्चीवर पाहुण्यांनी आपली हॅट ठेवली होती. शाळा मात्र चालू राहिली, आजही आहे.

पुढे एका उन्हाळ्यात आवारातली विहीर आटली. शाळेच्या वसतिगृहात मुले, आणि पाणी अर्ध्या कोसावरून आणायचे. नेमका तेव्हाच चांद्याचा खांदा फुटला. दुसरा बैल मागून आणतो, असे मी म्हणालो. "लोकाईचे बैल नांगराले लागले हायत," ते म्हणाले, आणि कावडीला घासलेटचे दोन डबे अडकवून स्वतःच निघाले. पाऊस लागेपर्यंत रोज सकाळ-संध्याकाळ त्यांच्या खेपा चालल्या. मला कावड दिली की दहा पावलांत डबे हेंदकाळायचे, म्हणून माझ्याकडे फक्त दोर आणि पोहरा असे. त्या उन्हाळ्याची गाठ त्यांच्या डाव्या खांद्यावर अजून आहे. सदऱ्याखाली ती दिसत नाही, आणि ते ती कुणाला दाखवतही नाहीत.

आता सत्काराचे. समितीची शाल, श्रीफळ, मानपत्र, सगळ्याला त्यांचे एकच उत्तर: "मले नका उभं करू तिथं." काल संध्याकाळी मी वाटीत लोणी-हळद कालवली, पळसाचे पान घेतले आणि त्यांच्या ओसरीवर गेलो. न विचारता त्यांच्या डाव्या खांद्यावरचा सदरा सरकवला, गाठ कढत फडक्याने शेकली, लोणी चोळले आणि म्हणालो, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

डोळे भरले होते, त्यांचेही आणि माझेही. मग ते मान डोलावून म्हणाले, "हाव. जेवाले येतो. पन सतरंजीवर."

सर्वांना कळवण्यास अत्यानंद होतो की पाळकसाहेब येत आहेत. सत्काराच्या दिवशी कोणीही खुर्च्या मांडू नयेत. त्यांच्या खांद्यावर यापुढे कावड न येवो, नातवंडे येवोत. गुडघे धड राहोत, आवाज खणखणीत राहो, आणि त्यांच्या शंभरीचा लेखही देवाने माझ्याच हातून लिहून घ्यावा. पंगतीत त्यांच्या डाव्या हाताची, त्या गाठीच्या बाजूची जागा मी आताच धरून ठेवतो. मानाची हाव अजून गेलेली नाही, आणि ही जागा मी पंचांनाही देणार नाही.