निधनवार्तेतील एक ओळ

गुरुवार, १८ ऑक्टोबर २००७. दुपारी तीन वाजता माझे मेहुणे अण्णा यांनी एक कागद माझ्यापुढे ठेवला. माझी पत्नी सुमन पहाटे झोपेतच गेली होती. गोदाकाठचे विधी उरकून आम्ही नुकतेच घरी परतलो होतो. कागदावर वर्तमानपत्रात द्यायची निधनवार्ता होती. ‘अल्पशा आजाराने’... तिथेच मी थांबलो.

सुमनला सोळा वर्षे स्किझोफ्रेनिया होता. लग्नानंतर सिन्नरला माहेरी गेली असताना तिला प्रथम आवाज ऐकू येऊ लागले, तेव्हा याच अण्णांनी, तिच्या थोरल्या भावाने, भगत आणला आणि नंतर खोलीला बाहेरून कडी घातली. ती कडी मी काढली व तिला नाशिकला तज्ज्ञांकडे नेले. औषधांनी ती सावरली, आणि तिने रुग्णांच्या नातेवाइकांची गुरुवारची बैठक सुरू केली. मंगल कार्यालयाच्या मालकाने ‘वेड्यांचा मेळावा इथे नको’ म्हणून वाटेला लावले. एका शाळेने वर्ग दिला. सुरुवातीला प्रत्येकाचा रुग्ण शेजारीच राहत असे. ‘आमच्या शेजारी एक मुलगा आहे...’ असे इगतपुरीचे एक गृहस्थ म्हणाले.

‘मग शेजाऱ्यांनाच पाठवायचं की हो!’ सुमन म्हणाली. ‘तुम्ही कशाला एवढ्या लांब आलात त्यांच्यासाठी?’

सगळे हसले, तेही हसले. मग खाली पाहून म्हणाले, ‘माझाच आहे, ताई.’ ज्याला पळून जावेसे वाटेल त्याच्यासाठी दाराजवळची खुर्ची ती मोकळी ठेवी. पुढे महाविद्यालये तिला बोलावू लागली. व्यासपीठावर ती आधी स्वतःचे नाव सांगे, मग आजाराचे. मला तिने बजावले होते, ‘अहो, माझ्या बातमीत ते लिहा हं. जन्मभर बोलले आणि मेल्यावर झाकलं, असं नको.’

अण्णांच्या मुलीच्या लग्नपत्रिकेत सगळ्या आत्यांची नावे होती, सुमनचे नव्हते. ती ‘राहू द्या’ म्हणाली. मी राहू दिले नाही, मनात जपून ठेवले.

त्या दुपारी मी ‘अल्पशा आजाराने’ खोडून ‘स्किझोफ्रेनियासह ताठ मानेने जगलेल्या’ असे लिहिले.

‘दाजी, पोरीच्या सासरी पेपर येतो हो,’ अण्णा म्हणाले.

‘म्हणूनच.’

मग ‘शोकाकुल’खालचे पहिले नाव खोडले. ते त्यांचे होते.

‘अहो, मी सख्खा भाऊ तिचा!’

‘पत्रिकेत बहीण नव्हती. शोकात भाऊ कशाला?’

ते उठून गेले, अजून आलेले नाहीत. मला खेद नाही.

बातमी मी स्वतः नेऊन दिली. गुरुवार असल्याने तिथून शाळेत गेलो. काहींना काहीच ठाऊक नव्हते, त्यांना सांगितले. कोणी उठून गेले नाही. एक नवी बाई दाराजवळच्या खुर्चीत बसली होती. तिने शेजारणीच्या मुलीची हकिकत सुरू केली... मी तिला अडवले नाही. बैठक संपल्यावर बाके सरळ केली, ती खुर्ची पुन्हा दाराशी ठेवली आणि वर्गाला कुलूप लावले.