उंबऱ्यावरचा लोटा

दारात आलेल्या माणसाला मोठीमाय आधी पाण्याचा लोटा द्यायची, नाव मग विचारायची. आमगावकडच्या आमच्या गावात ही साधी रीत. पाहुण्याने पाय धुवायचे, मगच आत यायचं. पण माझी ही थोरली काकू गोंदियात, राइस मिलच्या मागच्या भाड्याच्या खोलीत राहायला आली, तरी लोटा उंबऱ्यावरच राहिला. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. शिकायला तिच्याकडे राहत होते.

तेव्हा शहर भराभर वाढत होतं. नवी गोदामं, नव्या मिल, नव्या खोल्या. बोअर आटली, पाणी टँकरवर आलं. वाळत घातलेल्या लुगड्यावर मिलची काळी राख पडायची. थोरले काका, आमचे मोठेबाबा, मिलमध्ये पोती उचलून थकून यायचे आणि चिडायचे.

"प्यायले पाणी नाही, अन् तू लोकायच्या पायावर ओतून राहिली!"

"मंग तुम्ही कमी प्या," मोठीमाय म्हणायची. "कोणी कोरड्या पायानं आत आला, तं मले हे माह्यं घरच वाटत नाही."

शेजारच्या खोलीत छत्तीसगडहून फुलमती आली. पहिल्यांदा दारात आली तेव्हा मोठीमायने लोटा पुढे केला. फुलमतीने तो दोन्ही हातांनी घेतला आणि उभ्याउभ्या पिऊन टाकला. मला हसू आलं. मोठीमायने माझ्याकडे असं पाहिलं, की ते तिथेच विरलं. तिने माठातलं पाणी आणून दिलं. "घे बाई. पायाचं पाणी पेली, आता तू कायची पाहुणी!" तेव्हापासून टँकर आला, की दोघी एकमेकींची भांडी रांगेत लावायच्या.

पुढे मोठीमायला खोकला धरला. धूळ बाधली, असं डॉक्टर म्हणाले. गावी परतताना बसपाशी तिने लोटा माझ्या हातात दिला. "ठेव. कोणी ना कोणी येतेच."

गावीच ती वारली. मी आता गोंदियातच दुसऱ्या भागात खोली घेतली आहे. इथे शेजारी कोण राहतं, मला अजून नीट माहीत नाही. सगळ्यांची दारं बंद असतात. कदाचित माझंही.

परवा फुलमती शोधत आली. जुन्या खोल्या पाडल्या, तिथे गोदाम होतंय, म्हणाली. आत मात्र येईना. माझ्याकडे, मग उंबऱ्याकडे पाहत राहिली.

"पानी कहाँ हे, नोनी?" मला ती पहिल्यापासून नोनी, म्हणजे पोरी, म्हणायची.

नळ कोरडा होता. मी फळीवरून लोटा काढला आणि प्यायच्या पाण्याचा विकतचा कॅन त्यात वाकवला. फुलमतीने ते पाणी हळूहळू पायांवर ओतलं.

या खोलीत ओल्या पायांनी आलेलं ते पहिलं माणूस.