बाबांचे सहा मैल

बाबांना अमेरिकेत आल्या आल्या काय आवडलं असेल, तर इथल्या रस्त्यांच्या कडेची गटारं. अ‍ॅशबर्नमध्ये आमच्या घरामागे बिनखिडक्यांची डेटा सेंटर्स ओळीनं उभी आहेत. त्यातल्याच एकात मी काम करते. बाबा रोज सकाळी त्यांच्या भोवतीनं चक्कर मारून येत आणि चहा पिता पिता अहवाल देत, "उतार चांगला काढलाय. पाणी तुंबायचं नाही."

बाबा आयुष्यभर मैलकुली होते. सहा मैलांचा डांबरी रस्ता त्यांच्या आणि आणखी तिघांच्या गँगकडे होता. खड्डे बुजवायचे, चर उपसायचे, कडेला मुरूम टाकायचा. त्या मुरुमावर माझं शिक्षण झालं. पण इथं कुणी विचारलं की मी म्हणायचे, "बाबा बांधकाम खात्यात होते." ते खोटं नव्हतं. समोरचा मनातल्या मनात त्यांना इंजिनिअर करून टाकायचा आणि मी गप्प बसायचे. मला लाज वाटायची, दुसरं काही नाही.

गेल्या वर्षी माझ्या इथल्याच एका नागपूरच्या मैत्रिणीनं पेरूची टूर ठरवली. इंका लोकांचा जुना दगडी रस्ता, त्यातला एका दिवसाचा सोपा तुकडा. "काकांनाही घे यार, मस्त एन्जॉय करतील," ती म्हणाली. सवय व्हावी म्हणून मी पाठीवरच्या सॅकमध्ये कणकेची दहा पाउंडी पिशवी घालून डेटा सेंटरांना फेऱ्या मारायला लागले. बाबांनी सॅकला हात लावला नाही. "ओझी वाहायला इतक्या लांब आलो होय?"

मला धास्ती वेगळीच होती. रस्ता दिसला की बाबा बोलणार, आणि मैत्रिणीसमोर माझं पितळ उघडं पडणार.

तिथं गाइड इंग्रजीत सांगत होता, मी बाबांना मराठीत सांगत होते. चुना नाही, चाक नाही, नुसते दगडावर दगड बसवलेले. वाटेवरच्या गावांनी पाळीपाळीनं माणसं द्यायची आणि आपल्या हद्दीतला रस्ता राखायचा. राजाची ती सक्तीच होती.

"म्हणजे गँगच की," बाबा हळूच म्हणाले.

थोडं पुढं गेल्यावर ते एकदम उकिडवे बसले. रस्त्याखालून पाणी जायला दगडी मोरी होती, ती पाचोळ्यानं गच्च भरलेली. बाबांनी काडीनं आणि हातानं ती मोकळी केली. साचलेलं पाणी पलीकडं वाहायला लागलं तसा गाइडही थांबून बघू लागला.

"पाणी काढून दिलं की रस्ता जगतो," बाबा म्हणाले.

"वा काका!" मैत्रीण म्हणाली. "शेवटी इंजिनिअरची नजर ती!"

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. मग काडी टाकून, मी नेहमी म्हणते अगदी त्याच शब्दांत म्हणाले, "बांधकाम खात्यात होतो ना."

त्यांना सगळं ठाऊक होतं. इतके महिने माझी लाज तेच सांभाळून घेत होते. मला भरून आलं, आणि स्वतःचा भयंकर रागही आला.

बाबा काय म्हणाले, असं गाइडनं मला विचारलं. मैत्रिणीला ऐकू जाईल अशा आवाजात मी इंग्रजीत सांगितलं, "माझे वडील रस्त्यावर मजूर होते. सहा मैलांचा रस्ता त्यांनी असाच राखला." गाइडनं पुढं येऊन बाबांचा चिखलानं भरलेला हात हातात घेतला. त्याच्या गावातली माणसं अजूनही वर्षातून एकदा जमून आपली वाट साफ करतात, म्हणाला.

मैत्रीण म्हणाली, "अगं, मग आधी सांगायचंस ना!"

आम्ही चालायला लागलो. थोड्या वेळानं बाबांनी विचारलं, "काय सांगितलंस त्याला?"

"तुम्ही मैलकुली होतात, ते."

बाबांनी पँटला हात पुसले. चार पावलं गेल्यावर म्हणाले, "मग आता अ‍ॅशबर्नलाही हेच सांगायचं ना? दोन-दोन उत्तरं लक्षात ठेवायला जड जातं गं."