नवऱ्याच्या वाटची पुडी

मनकर्णा मूळची कोरपन्याकडची, कापसाच्या मुलखातली. वेचणीत तिचा हात धरणारं माहेरात कुणी नव्हतं. आणि लग्न होऊन आली कुठं, तर वैनगंगेच्या काठी, मार्कंड्याच्या अलीकडच्या एका गावात, जिथं बाई पावसाळाभर गुडघाभर चिखलात वाकून धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, करते. पहिल्या वर्षी बांधीत, भाताच्या खाचरात, उतरली तर रुतलेला पाय निघेना. सासू शकुबाई धुऱ्यावरून, कडेच्या बांधावरून, ओरडली, "पोट्टे, पाय आधी उचल, मंग रोप धर!" सगळ्या बाया हसल्या आणि मनकर्णाही हसली. रडूबाई ती कधीच नव्हती.

नवरा आदेश. स्वभावानं गरीब, कामाला वाघ, पण भूक म्हणाल तर विचारू नका. लहानपणी तो तापानं फणफणला होता तेव्हा शकुबाईनं मार्कंडदेवाला बोलून ठेवलं होतं, पोरगा वाचला तर जन्मभर सोमवार धरील. पोरगा वाचला. आता नवस बोलली आई, वाचला पोरगा, आणि सोमवार कोणी धरले? लग्न होईस्तोवर शकुबाईनं, आणि नंतर मनकर्णानं! हा पठ्ठ्या सोमवारी सकाळी लाखोळीच्या डाळीशी ताटभर भात हाणायचा, आणि ही उपाशीपोटी समोर बसून वाढायची. "माह्या वाटचा तू धरला नं? झालं मंग," म्हणून हात धुवायचा. देवानं कधी हरकत घेतली नाही. पुढचा सगळा घोटाळा मात्र यातूनच झाला.

लेक दीपिका चालू-बोलू लागली त्या सुमारास मनकर्णाच्या अंगावरून पांढरं जायला लागलं. नुसतं पांढरं असतं तर तिनं मनावरही घेतलं नसतं. पण खाज, आग, वास, आणि लघवीला बसलं की डोळ्यांत पाणी. रोवण्याच्या चिखलानं झालं, बाया म्हणायच्या, सगळ्यांनाच होते. रांगेत ती शेजारणीपासून हातभर सरकून उभी राहायची, कुणाला वास आला तर काय घ्या! रात्री आदेशनं हात लावला की पाठ फिरवायची. तो बिचारा समजायचा, हिचं आपल्यावरचं मन उडालं. तो विचारेना, ही सांगेना. एका खोलीत राहून दोघांची भेट नाही.

औषध घेतलं की बरं वाटायचं आणि थोड्याच दिवसांत पुन्हा तेच. शेवटी एका खाजगी दवाखान्यातल्या डॉक्टरनं, नीट न तपासताच, बसल्या बसल्या निकाल देऊन टाकला. म्हणे, पिशवी काढून टाका. धान कापून झालं की ऑपरेशन, असं ठरलंसुद्धा. शकुबाई म्हणाली, "काढून टाक बाई. एक पोट्टी हाये, पुरे झालं. रोजची कटकट तं जाईन." मनकर्णा मान डोलवायची आणि गोठ्यात जाऊन रडायची. तिशी नुकतीच ओलांडलेली बाई ती! तिला अजून एक लेकरू हवं होतं. आणि नसतं हवं, तरी बाईच्या अंगातली पिशवी म्हणजे काय बांधीतलं तण आहे, दिसलं की उपटून धुऱ्यावर फेकायला?

त्याच दिवसांत गावच्या उपकेंद्रात संघप्रिया नावाच्या नर्सबाई नव्यानं आल्या होत्या, भद्रावतीच्या. मनकर्णा दीपिकाला लस टोचायला घेऊन गेली. पोरीचं रडणं थांबल्यावर बाईंनी सहज विचारलं, "आणि तुमची तब्येत कशी हाये?" बस्स, इतकंच. पण हा साधा प्रश्न तिला आजवर कुणी विचारलाच नव्हता. मनकर्णाला हुंदका आला आणि ती भडाभडा सगळं बोलली. बाईंनी दार लोटून घेतलं, ऐकून घेतलं, आणि उपकेंद्रात तपासणीचा कॅम्प भरला त्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडून तिला नीट तपासून घेतलं.

"हा जंतूंचा आजार हाये," संघप्रियाबाई म्हणाल्या. "गोळ्यांनी बरा होते. याच्यासाठी पिशवी कायले काढाची? पण तुम्ही एकट्यांनी गोळ्या खाऊन काई उपयोग नाई. हे जंतू नवऱ्याच्याही अंगात राह्यतात. त्याले काई जाणवत नाई, पण तुम्ही बऱ्या झाल्या की तुम्हाले परत लागतात. म्हणून इलाज दोघांचा. आणि तो संपेस्तोवर जवळ याचं नाई. कोणापासून कोणाले झालं, हे घरी उकरत बसू नका."

त्यांनी दोन पुड्या हातात दिल्या. "ही तुमची, आणि ही भाऊची."

मनकर्णा घरी आली ती पाय जमिनीला न लागता. पिशवी वाचणार होती! पण आता नवऱ्याला सांगायचं कसं? आदेश जेवायला बसला होता. पदरात पुडी घट्ट धरून ती म्हणाली, "अहो, ऐका नं."

"काय?"

"भात देऊ?"

संपलं! तिन्हीत्रिकाळ तिनं हिंमत बांधली आणि तिन्ही वेळा भातच वाढला. शेवटी चुलीपुढं बसून तिनं विचार केला. यांच्या वाटचे सोमवार आपण इतकी वर्षं धरले आणि ते देवाला पोचले, मग यांच्या वाटच्या गोळ्या आपण खाल्ल्या तर त्या का पोचणार नाहीत? मार्कंडदेवाचं नाव घेतलं आणि दोन्ही पुड्या गिळून मोकळी झाली.

मग काय, दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून ओकाऱ्या! तोंड कडूजहर, डोकं गरगर. शकुबाईनं हे पाहिलं आणि म्हातारीचा चेहरा असा फुलला म्हणता! सुनेला दिवस गेले! तिनं माळ्यावरची चिंच काढली, शेजारणीला सांगितलं, तिथून ते विहिरीवर पोचलं, आणि सुनेच्या दंडाला धरून वाजतगाजत उपकेंद्रात घेऊन गेली. "बाई, पाहा बरं, माह्या सुनेले दिवस गेले!"

संघप्रियाबाईंनी तपासलं. दिवस वगैरे काही नव्हते. त्यांना शंका आली. "गोळ्या घेतल्या का?"

"घेतल्या."

"आणि भाऊनं?"

मनकर्णा पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरू लागली. "त्याह्यच्या बी मीच घेतल्या."

"अवं माय! काऊन?"

"त्याह्यच्या वाटचे सोमवार मीच धरतो नं, बाई."

संघप्रियाबाईंना आधी हसू आवरेना. मग त्या एकदम रागावल्या. "देव चालवून घेते, औषध नाई चालवून घेत! असा दुप्पट डोस घेऊन तुम्हाले काई झालं असतं तं? आणि भाऊच्या अंगातला आजार तं जिथल्या तिथंच हाये." त्यांनी तिला निजवलं, साखर-मिठाचं पाणी पाजलं, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. या खेपेला ऐकायला शकुबाईही होती. तिनं सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "म्हंजे हिची पिशवी काढाची गरज नाई?"

"दोघांनी औषध नीट घेतलं तं नाई."

बाईंनी नवी पुडी काढली तसा शकुबाईनं हात पुढं केला. "द्या त्याच्या वाटची पुडी माह्याजवळ."

संध्याकाळी आदेश ताटावर बसला तर भाताशेजारी पुडी. शकुबाईनं, लाज गुंडाळून ठेवून, सरळ सांगून टाकलं हे कशाचं औषध आहे ते. आदेशचे कान लाल झाले. "मले काय झालं? मी धडधाकट हावो! गावात समजलं तं लोक काय म्हनतीन?"

हे लोक म्हणजे एक न्यारंच प्रकरण आहे. पानठेल्यावरचा तंबाखू-सुपारीचा खर्रा दिवसभर गालात कोंबताना ते आठवत नाहीत. बायकोसाठी दोन गोळ्या गिळायच्या म्हटल्या की लगेच दारात येऊन उभे राहतात!

"लोकाहीचं सोड," शकुबाई म्हणाली. तिचा आवाज नेहमीचा नव्हता. "हिले जे झालं नं, थे मले बी होतं. तू झाला त्याच्या नंतर सारी जिनगानी होतं. फडकी बदलून बदलून रोवणे केले, तुह्या पाठीवर एक लेकरू नाई झालं. लोकं मले नावं ठेवत, आनं मी नशिबाले. तुह्या बापाले कोनी अशी पुडी देल्लीच नाई रे. तुले तं देल्ली हाये."

आदेशचा घास हातातच राहिला. आईच्या तोंडून असं काही तो जन्मात पहिल्यांदा ऐकत होता. त्यानं मान वर करून मनकर्णाकडं पाहिलं. म्हणजे त्या फिरवलेल्या पाठीमागं हे होतं तर! त्यानं पुडी फोडली, गोळ्या तोंडात टाकल्या आणि तांब्याभर पाणी प्याला.

"मले सांगतलं काऊन नाई?" त्यानं विचारलं.

"सांगाले आली होती," मनकर्णा म्हणाली, "भात वाढून गेली." आणि तिघंही हसता हसता रडायला लागली.

मनकर्णाच्या अंगातला दुप्पट डोस उतरल्यावर, बाईंनी सांगितल्याप्रमाणे, दोघांचा इलाज पुन्हा पहिल्यापासून, या खेपेला एकाच वेळी झाला. फेरतपासणीला आदेशनं तिला स्वतः गाडीवर नेलं, मागून शकुबाईही आली. बाकावर सगळ्या बाया आणि मधोमध हा एकटा बाप्या, टोपीशी खेळत बसलेला. एक-दोघी पदराआड हसल्या. हसू द्या. तो उठला नाही. आणि मनकर्णा बाहेर आली तशी शकुबाई म्हणाली, "आता मी जातो," आणि आत जाऊन दार लोटून घेतलं.

धान कापून झालं, मळून झालं, ऑपरेशनची तारीख कुणाला आठवलीही नाही. मनकर्णा बरी झाली. रात्री पाठ फिरवायचं कारण उरलं नाही. महाशिवरात्रीच्या जत्रेत ती मार्कंडदेवापुढं उभी राहिली, तेव्हा मागण्यासारखं तिच्याजवळ काहीच नव्हतं. देवा, संघप्रियाबाईले सुखी ठेव, माह्या सासूले सुखी ठेव, एवढंच तिनं म्हटलं. तिसरं नाव मनातल्या मनात घेतलं.

मग श्रावण आला. पहिल्या सोमवारी पहाटे ती उठून पाहते तर आदेश चुलीपुढं बसलेला. भात शिजला होता, डाळ उकळत होती. तिला वाटलं, याला आज लवकर भूक लागली. ती नेहमीसारखी वाढायला बसली. त्यानं तिच्या हातातला पळा काढून घेतला आणि ताट तिच्यापुढं सरकवलं.

"अवो, आज सोमवार!"

"मले मालूम हाये. नवस माह्या जिवाचा, तं उपास बी माह्या वाटचा," आदेश म्हणाला. "आता मीच धरीन. तू खाय."

दुपारपर्यंत त्यानं दिवस मावळायला किती वेळ आहे हे आईला दहादा तरी विचारलं, ती गोष्ट वेगळी. पण त्या सकाळी, लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच, मनकर्णानं सोमवारचा गरम भात खाल्ला. तो समोर बसून विचारत होता, "अजून भात देऊ?"