सांगून चालवलेली कैची

गायकवाडमामा कुत्र्याच्या केसांना हात लावण्याआधी त्याला सांगत. "आता मानेखाली येतोय हां. गार लागंल." मग कैची चाले. मी बदली होऊन पूर्णेला आले, त्या आठवड्यात शेजारच्या ओट्यावर त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असंच. स्टुलावर पोतं अंथरलेलं, त्यावर लांब केसांचं पिटुकलं कुत्रं, आणि त्याच्याशी गंभीरपणे बोलणारा धिप्पाड म्हातारा. मला हसू आवरेना. वर न बघताच ते म्हणाले, "हासा मॅडम. पण जरा हळू, ते बिचकतंय."

मामा रेल्वेत पॉईंट्समन होते. आयुष्यभर रूळ बदलले, डबे जोडले. "सिग्नल मिळाल्याबगर गाडी हलवायची न्हाई, अन् सांगितल्याबगर कैची चालवायची न्हाई," असं ते म्हणत.

कुत्र्याचं नाव टॉफी. खरं तर तो त्यांच्या लेकीचा, मनीषाचा. पुण्यात घरमालकाने हरकत घेतली म्हणून तिने त्याला 'थोडे दिवस' इथं आणून सोडला, तो इथलाच झाला. पहिल्या उन्हाळ्यात कुणीतरी सांगितलं म्हणून मामांनी त्याला मशीनने पार भादरून आणला. उन्हाने त्याची कातडी लालभडक झाली. डॉक्टर म्हणाले, "केस हीच त्याची सावली आहे. दोन बोटं तरी ठेवत जा." ते मामांच्या जिव्हारी लागलं. तेव्हापासून त्यांनी दुसऱ्या कुणाचा हात त्याला लागू दिला नाही. सुरुवातीला पाठीवर पायऱ्या पडायच्या. मग हळूहळू हात बसला.

एकदा रुळाकडेच्या रानातून टॉफी अंगभर गोखरू घेऊन आला. कानामागे तर खड्यासारखा गुंता झाला होता. मी म्हटलं, "कापून टाका की." मामांनी खोबरेल तेल लावलं आणि दुपारभर बोटांनी एकेक केस मोकळा करत बसले. "वढलं की दुखतंय त्याला. मग उद्या कंगवा दिसला की पळतंय. आजचं काम होईल, पण उद्याचं जाईल."

आतून मामी म्हणाल्या, "पोरीच्या डोक्याला कधी कंगवा लावला न्हाई ह्यांनी. सदा ड्युटी."

मामांची बोटं थांबली. "खरं हाय," ते म्हणाले. "तवा येत नव्हतं." आणि पुन्हा गुंत्याला लागले.

मामींना कुत्र्याचं कौतुक नव्हतं. केस उडतात म्हणून लोणच्याच्या बरणीला त्या दुहेरी फडकं बांधायच्या.

मग एका रविवारी टॉफीच्या कानाला कैची लागली. रक्ताचा थेंब आला. टॉफी ओरडला नाही, मामांचं मनगट चाटू लागला. मामांनी कैची खाली ठेवली आणि उजवा हात मांडीवर घेऊन बघत बसले. हात थरथरत होता. "लय दिवस झाले," ते हळूच म्हणाले. "लपवायलो होतो. आता हात ऐकंना गेलाय."

नांदेडच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. मामांनी कैची पुसून मामींपुढे धरली. "आता तू कर. मी सांगतो."

"तुमी बरे झाल्यावर करा," मामी म्हणाल्या आणि आत गेल्या.

मला आधी तो कुत्र्यावरचा राग वाटला. टॉफीच्या डोळ्यांवर केस आले, तो खाटेच्या पायाला धडकू लागला, तरी मामी कैचीला शिवल्या नाहीत. ती हातात घेणं म्हणजे मामा बरे होणार नाहीत हे कबूल करणं होतं, हे मला उशिरा कळलं. मामांना कळलं असावं. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. थरथरत्या हाताने टॉफीच्या डोळ्यांवरचे केस तेवढे बाजूला सारत राहिले.

थंडीत छातीत कफ साठला आणि मामा गेले. सगळं उरकल्यावर मनीषा म्हणाली, "आई, टॉफीला मी नेते. पुण्यात केस कापायची दुकानं आहेत." मामी म्हणाल्या, "राहू दे इथंच. अनोळखी हाताला ते बिचकतंय."

मनीषा गेल्यावर पहिल्याच रविवारी मामींनी मला हाक मारली. ओट्यावर स्टूल मांडलेलं होतं. "मॅडम, जरा धरा ह्याला." त्यांनी चष्मा लावला, कैची हातात घेतली आणि बराच वेळ नुसती धरून ठेवली. टॉफी मान वर करून त्यांच्या तोंडाकडे बघत होता. मामींना ते उमगलं. घसा साफ करून, जन्मात पहिल्यांदाच त्या कुत्र्याशी बोलल्या. "हे बघ, मला येत न्हाई. हलू नको."

तो हलला नाही.

झाल्यावर त्या मागे सरकल्या. "कसं दिसतंय?"

"एका कानाचे केस लांब राहिलेत, मामी."

त्यांनी पदराने चष्मा पुसला. "राहू द्या. केसं हायत, वाढतेत. पुढच्या खेपंला बघू."