पाठककाकांच्या डोक्यावरची मारामारी

चित्रपट दोन तासांत संपतो, पण त्यावरचं भांडण आठवडाभर पुरतं. आणि भांडणाचा किस्सा तर संपतच नाही, दर वेळी सांगताना त्याला नवा फाटा फुटतो! आमच्या रविवारच्या टोळीचे असे इतके किस्से साठलेत, की कुणी "काय पाहिलं?" विचारलं तर आम्ही चित्रपट सोडून किस्साच सांगतो. म्हणजे बाकीचे सांगतात. मी ऐकते. म्हणून मला सगळे पाठ आहेत.

टोळी म्हणजे आम्ही चौघं. समीरदादा माझा मावसभाऊ. तो लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. औरंगपुऱ्यातल्या एका अरुंद गल्लीत, वरच्या मजल्यावर त्यानं खोली भाड्यानं घेतलीय. तिथं त्याचा कॉम्प्युटर, भिंतीवर मोठा टीव्ही आणि कोपऱ्यात एक दिवाण. अजहरभाई त्याचा मित्र, टू-व्हीलरच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानात असतो. वंदनाताई आमच्या शेजारी राहतात आणि कोर्टात टायपिंग करतात. त्या सोबत असतात म्हणूनच आई मला पाठवते. आणि मी मनू, नववीत.

रविवारी दुपारी आम्ही कोरियन, जपानी, थाय, इंडोनेशियन असे मारधाडीचे चित्रपट बघतो आणि मग चहा पीत मतं देतो. खालच्या मजल्यावर घरमालक पाठककाका एकटे राहतात. आमची फरशी म्हणजे त्यांचं छत! सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो.

*

अगदी सुरुवातीला आमची मतं फार छोटी असायची. एक थाय चित्रपट संपला. हीरोनं भर भाजीबाजारात नुसत्या कोपरानं सगळी टोळी आडवी केली होती.

समीरदादा म्हणाला, "भारी."

अजहरभाई म्हणाला, "लई भारी."

मी मान हलवली.

वंदनाताईंनी कप खाली ठेवला. "ही काय साक्ष झाली? कोर्टात असं बोललात तर जज हाकलून देतील. काय बघितलं, कुणाचं चुकलं, कुणाचं बरोबर, ते सांगा. 'भारी' शब्द आजपासून बंद!"

तेव्हापासून आमच्याकडे चित्रपटाला 'केस' म्हणतात, मताला 'निकाल', आणि भांडण मिटलं नाही तर 'तारीख पडली'.

अजहरभाई उभा राहिला. छातीवर हात ठेवला, डोळे मिटले. आता हा काहीतरी खोल बोलणार म्हणून आम्ही वाट बघत राहिलो.

"माय लॉर्ड," तो म्हणाला, "हीरो भारी है!"

*

बऱ्याच चित्रपटांना हिंदी आवाज नसतो, खाली फक्त इंग्रजी ओळी येतात. वंदनाताईंना त्या भरभर वाचता येत नाहीत, आणि अजहरभाई म्हणतो, "मैं मारामारी देखूं की पढाई करूं?" म्हणून वाचायचं काम माझ्याकडे आलं. मी दिवाणाच्या टोकाला बसून हळू आवाजात मराठीत सांगत जाते.

शाळेत मी कविता म्हणायला उभी राहिले तरी घसा बंद होतो. पण इथं बोलणारी मी नसते ना, पडद्यावरची माणसं असतात! म्हणून जमतं.

एकदा एका कोरियन व्हिलनला हीरोनं फसवलं. तो जो सुरू झाला तो थांबेचना. आई, बहीण, बाप, आजोबा, कुणालाच सोडलं नाही. खाली ओळींवर ओळी येत होत्या आणि मी त्या वाचत होते. मनातल्या मनात!

"मनू, काय म्हणतोय तो?" वंदनाताईंनी विचारलं.

माझे कान गरम झाले. मी म्हटलं, "तो रागावलाय."

व्हिलन अजून बोलतच होता.

"आणि आता?"

"अजून रागावलाय."

अजहरभाई माझ्याकडे वळला. "इतना लंबा बोला, और बस रागावलाय? कोरियन भाषा लई मोठी दिसती रे!"

*

जपानी चित्रपटाचं दुखणं वेगळं. त्यातला म्हातारा तलवारबाज तलवार काढायलाच तयार नव्हता. लोक त्याला हसले, त्याची झोपडी जाळली, तरी हा आपला भात शिजवतोय! हात मुठीवर जायचा आणि परत खाली यायचा. खोलीत कुणी हालत नव्हतं. मी तर ओळी वाचायच्याही विसरले.

अजहरभाईला राहवेना. तो दिवाणावर गुडघे टेकून उभा राहिला. "निकाल! अब तो निकाल रे, चाचा! निकाल!"

वंदनाताईंनी पडद्यावरची नजर हलवली नाही.

"अजहर, खाली बस. निकाल शेवटी असतो."

*

आता तो दिवस. हा किस्सा समीरदादा हसत सांगतो, पण त्या दिवशी तो हसत नव्हता.

चित्रपट चीनमधल्या एका कापडाच्या गिरणीवरचा होता. गिरणीचा मालक कामगारांना कुलपात ठेवतो, आणि त्यांच्यातली एक मुलगी कुंगफू शिकून त्याचा हिशेब चुकता करते. शेवटी मात्र ती त्याला जिवंत सोडून देते. त्यावरून जुंपली.

"मालकाला सोडायलाच नको होतं!" समीरदादा ओरडला.

"सोडायचं नाय म्हणजे नाय," वंदनाताई म्हणाल्या. त्या तावात आल्या की त्यांची बोली गावाकडची होते. "कुलूप तोडायचं, जागेचा ताबा घ्यायचा, मग बघू कोण बाहेर काढतंय ते! व्हय का नाय?"

"हौ! और मालक को छत से लटकाना था, उल्टा!"

दारावर थाप पडली.

समीरदादानं दार उघडलं. बाहेर पाठककाका उभे होते. इस्त्रीचा शर्ट, आणि हातात खोलीचा भाडेकरार. त्यांनी एकेकाकडे बघितलं. वंदनाताईंकडे जरा जास्त वेळ, कारण त्या कोर्टात असतात हे त्यांना माहीत होतं.

"समीर," ते शांतपणे म्हणाले, "मला नक्की कधी लटकवायचं ठरलंय?"

कुणालाच हसू आलं नाही. समीरदादा चित्रपटाची गोष्ट सांगायला लागला तर जीभ अडखळायला लागली. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "करार पुढच्या महिनाअखेरीला संपतोय. एरवी मी काही बोलत नाही. पण रविवारचा हा गोंधळ आता पुन्हा ऐकू आला, तर पुढचा करार होणार नाही."

ते एकेक पायरी मोजल्यासारखे सावकाश खाली उतरले.

खोली गेली तर समीरदादाला दुसरी मिळेल, पण मिळणार ती लांब, वाळूजकडे. तिकडे आई मला पाठवणार नाही. वंदनाताईंनाही रविवारी एवढं लांब जमणार नाही. चौघांनाही हे कळत होतं. चहा तसाच गार झाला.

*

त्यानंतर आम्ही जगातली सगळ्यात शांत मारामारी बघायला लागलो. टीव्हीचा आवाज अगदी बारीक. चपला दाराबाहेर नाही, हातात घेऊन वर यायचं. खुर्ची सरकवायची नाही, उचलायची. अजहरभाई उशी तोंडाशी धरून बसायचा आणि हीरोला मार बसला की ती चावायचा. इंडोनेशियन चित्रपटात हॉटेलच्या स्वयंपाकघरात सुऱ्यांची मारामारी झाली, तेव्हा उशीचा कापूसच बाहेर आला!

मतं द्यायची कशी? वंदनाताईंनी मार्ग काढला. चौघांचा एक ग्रुप केला. चित्रपट संपला की एकमेकांच्या शेजारी बसून मोबाइलवर लिहायचं. मला तर ते फार आवडलं. माझा निकाल सगळ्यांत लांब असायचा! वंदनाताई वाचून माझ्याकडे बघायच्या आणि भुवया उंचावायच्या.

पण अजहरभाईला लिहायचा कंटाळा. तो दाराबाहेर गेला, जिन्यात बसला, फोन ओठांना चिकटवून काहीतरी कुजबुजला आणि मांजरासारखा आत आला. सगळ्यांच्या फोनवर त्याचा व्हॉइस मेसेज आला. समीरदादानं तो लावला. त्याचा फोन मोठ्या स्पीकरला जोडलेला होता, हे त्याच्या लक्षातच नव्हतं.

"क्या मारा रे बाप!"

गल्लीतलं कुत्रं भुंकायला लागलं. समीरदादानं स्पीकरवर झडप घातली. आम्ही श्वास रोखून फरशीकडे बघत बसलो.

खालून झाडूच्या दांड्यानं छतावर मारल्याचा आवाज आला. ठक्. एकदाच.

"ही नोटीस समजा," वंदनाताई ओठांतल्या ओठांत म्हणाल्या.

*

एवढं होऊनही मोठं भांडण झालंच. आणि ते झालं दारावरून.

चित्रपट कोरियन होता, दोन भावांचा. धाकट्याच्या मागे गुंड लागलेत. तो धावत धावत थोरल्याच्या घरी येतो आणि दार बडवतो. थोरला आत उभा आहे, हात कडीवर आहे. मागे त्याची बायको लेकरांना पोटाशी धरून बसलीय. तो कडी काढत नाही. गुंड धाकट्याला तिथंच गाठतात. तो मरत नाही. बऱ्याच वर्षांनी एकेका गुंडाचा समाचार घेत परत येतो आणि त्याच दारासमोर उभा राहतो. पुढचं आम्हाला दिसत नाही. पडदा काळा होतो.

सुरुवात कुजबुजण्यानंच झाली. वंदनाताई म्हणाल्या, "थोरला निर्दोष. लेकरं होती आत."

"भाई था बाहर!"

"अरे, दार उघडलं असतं तर सगळेच मेले असते."

"तो मरते! भाई के लिए दरवाजा खोलना पडता, दीदी. सोचना नहीं पडता."

"तुला लेकरं नायत म्हणून बोलतोस."

"आपको भाई नहीं इसलिए बोलते!"

वंदनाताई उभ्या राहिल्या. त्यांना भाऊ होता. कोरोनात गेला. अजहरभाईला ते माहीत नव्हतं.

"दार उघडायला पाहिजे होतं का नाय, हे दाराच्या आत असणाऱ्यालाच कळतं!" त्यांचा आवाज एकदम चढला. "बाहेर उभं राहून कुणीबी बोलंल!"

"और बाहर वाले का क्या? वो पूरी जिंदगी बाहर ही खडा!"

समीरदादा दोघांच्या मधे हात पसरून उभा होता आणि "हळू, हळू" म्हणत होता. तोसुद्धा मोठ्यानंच!

मग सगळे एकदम थांबले. खालून ठक् ऐकू येईल म्हणून वाट बघत राहिलो. काहीच आलं नाही. दांडा वाजला असता तर बरं वाटलं असतं.

वंदनाताईंनी पर्स उचलली. "तारीख पडली," त्या हळूच म्हणाल्या आणि मला घेऊन निघाल्या. पाठककाकांचं दार अर्धं उघडं होतं. ते आत अंधारात खुर्चीवर बसले होते. आम्ही दोघी चपला हातात घेऊन पुढून गेलो, पण त्यांनी मान वर केली नाही.

*

पुढच्या रविवारी अजहरभाई आधी आला होता. वंदनाताई आल्याबरोबर त्यानं त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाला, "दीदी, मेरे को मालूम नहीं था." त्या म्हणाल्या, "साखर कमी आहे." तेवढ्यावर ते मिटलं.

समीरदादा मात्र बसतच नव्हता. महिना संपत आला होता आणि काकांनी कराराचं नावही काढलं नव्हतं. चित्रपट लावायच्या आतच दारात पाठककाका दिसले. थाप नाही, काही नाही.

समीरदादाचा चेहरा उतरला. "काका, मागच्या रविवारी जरा..."

"त्या केसचं काय झालं?"

"कुठल्या?"

"दाराच्या. थोरल्यानं कडी काढली नाही ती."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. म्हणजे काकांना खाली सगळं शब्दन् शब्द ऐकू गेलं होतं! वंदनाताई सावरून म्हणाल्या, "अजून निकाल लागला नाही, काका. तारीख पडलीय."

पाठककाका उंबऱ्याबाहेरच उभे होते. त्यांनी चौकटीला हात टेकवला, भिंतीवरच्या बंद टीव्हीकडे जरा वेळ बघितलं.

"थोरला चुकला," ते म्हणाले आणि खाली निघून गेले.

अजहरभाईची बाजू जिंकली होती, पण तो रिकामे कप गोळा करायला लागला.

*

आता शेवटचा. हा रविवार महिन्याचा शेवटचा होता. समीरदादानं वायरी गुंडाळून खोक्यात भरायला घेतल्या होत्या. जिन्यावर पावलं वाजली. दोन माणसांची.

पाठककाकांच्या मागे अजून एक म्हातारा होता. तसंच नाक, तसेच खांदे, अंगात पांढरा सदरा-पायजमा, काखेत कापडी पिशवी.

"हा धाकटा," पाठककाका म्हणाले. "वैजापूरला असतो."

काकांना भाऊ आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं. समीरदादा म्हणाला, त्यानं तर इतक्या दिवसांत कुणी पाहुणासुद्धा आलेला बघितला नव्हता.

"त्याला तो दाराचा चित्रपट दाखवायचाय. तोच."

समीरदादानं खोक्यातून वायरी परत काढल्या. वंदनाताई दिवाणावरून उठल्या आणि माझ्या शेजारी खाली बसल्या. दोघे भाऊ दिवाणाच्या दोन टोकांना बसले. मधे एक माणूस सहज मावला असता. पिशवी धाकट्यानं मांडीवरच ठेवली होती, निघायचंच आहे अशी.

चित्रपट सुरू झाला. अजहरभाईनं उशी घेतली नाही. मी नेहमीसारखी हळू आवाजात वाचत होते. धाकटे काका कानामागे हात धरून पुढे वाकले होते. पडद्यावर धाकटा गल्लीतून धावत आला आणि दार बडवायला लागला. आत थोरल्याचा हात कडीवर गेला. खाली ओळ आली. मी वाचली.

"काय म्हणाला तो?" धाकट्या काकांनी विचारलं.

मी परत वाचली. त्यांना परत कळलं नाही. त्यांनी भावाकडे बघितलं. पाठककाकांची नजर पडद्यावरच होती.

"पोरी, मोठ्यानं वाच," ते म्हणाले. "त्याला कमी ऐकू येतं."

मी उठून उभी राहिले आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून वाचलं.

"दादा, मी आलोय! दार उघड!"