धुळाजी हेड्याने बंदूक पारखली

घाटनांदूरच्या धुळाजी हेड्याला बैलातलं जेवढं कळतं तेवढं बैलाच्या आईलाही कळत नाही, असं पंचक्रोशीत बोललं जायचं. बोलणारा मुख्यतः धुळाजीच असे. हेडी म्हणजे गुरांच्या बाजारातला दलाल. काळ निजामाच्या राज्यातला, पहिलं महायुद्ध सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीचा. दर बाजाराला धुळाजी तांबडा फेटा बांधून अंबाजोगाईला जायचा आणि घेणारा-विकणारा यांच्यामध्ये असा काही शिरायचा, की दोघांनाही वाटावं हा आपलाच माणूस. बैलाचे दात बघायचे, पुठ्ठ्यावर थाप मारायची, अंगावरचे केसांचे भोवरे शोधायचे आणि मग उपरण्याखाली समोरच्याचा हात धरून बोटं दाबत भाव ठरवायचा. आकडा तोंडातून काढायचा नाही. एक भोवरा शुभ, दुसरा धन्याला खाणारा. कुठला कोणता, ते धुळाजी त्या दिवशी सांगेल तसं.

"चाळीस वर्सं झाली, बैल वाईट निघाला म्हनून एक गिऱ्हाईक माझ्या दारात आलं न्हाई," हे तो कुणी न विचारता सांगे. ते खरंही होतं. माझ्या आजोबांनी त्याच्याकडून एक बैल घेतला होता. त्या बैलाचा विषय आमच्या घरात अजूनही कुणी काढत नाही, पण तक्रार घेऊन कुणी गेलं नव्हतं हे कबूल केलं पाहिजे. धुळाजी भेटला की "बैल कसा निघाला?" असं इतक्या हौसेने विचारायचा, की माणूस "चांगला निघाला की" म्हणून मोकळा व्हायचा. त्याचा हिरमोड करायला जीव धजत नसे.

या माणसाची खरी माया एकाच जिवावर होती, ती त्याच्या नातीवर. भिवरा तेव्हा अकरा-बारा वर्षांची असेल. शाळूच्या राखणीला रानात बांधलेल्या उंच माळ्यावर उभी राहिली, की तिच्या गोफणीला भिऊन भोरड्या पाखरांचे थवे शेजारच्या रानात उतरायचे. डावीकडून तिसऱ्या कणसावरचा राघू म्हटलं, की तोच उडायचा. पोरीला त्या नेमाचा भारी अभिमान होता आणि तो रास्तच होता.

मग एके दिवशी माळ्याचा दांडा मोडला आणि भिवरा उजव्या हातावर पडली. हाड बसवणाऱ्याने कामट्या बांधल्या. हात जुळला, पण खांद्याच्या वर जाईना. गोफण डोक्यावर फिरवल्याशिवाय सुटत नाही. पोरगी उंबऱ्यात बसून राहू लागली.

"जेवती, सांगितलं तेवढं काम करती, पन बोलत न्हाई," धुळाजीची बायको कौशल्याबाई म्हणाली. "ह्यो हिवाळा असाच गेला तर पोरगी हातची जाईल बगा."

धुळाजीला रात्रंदिवस तेच लागून राहिलं. अंबाजोगाईच्या छावणीत त्याने एकदा साहेबाचं पोर छऱ्याची बंदूक उडवताना पाहिलं होतं. तिला दारू लागत नाही, नुसत्या हवेवर चालते. हात वर न्यावा लागत नाही, खांद्याला लावायची आणि बोट दाबायचं. एका बैलजोडीची दलाली नुकतीच हाती आली होती. त्याने भिवराला गाडीत घातलं आणि अंबाजोगाई गाठली.

"तिला इचारून घ्या काय पायजे ते," कौशल्याबाई गाडीमागून ओरडली.

"बंदूक घ्यायला चाललोय, बांगड्या न्हाई," धुळाजी म्हणाला.

छावणीच्या बाजारात साहेबलोकांचं सामान विकणारा एक दुकानदार होता. धुळाजीने नातीला बैलांजवळ उभं केलं, कारण सौद्यात बायामाणसांचं काम नसतं, आणि एकटाच आत शिरला. दुकानात हवेच्या दोनच बंदुका होत्या. एक लांब, जाड नळीची, अक्रोडाच्या दस्त्याची. दुसरी आखूड, हलकी, कुणा साहेबाच्या पोराने वापरून परत विकलेली.

"कोन चलानेवाला?" दुकानदाराने विचारलं.

"नात हाय माझी."

"तो छोटी लेव ना. इसकी नळी मोडको दबाना पडता, तबीच हवा भरती. बड़ीकू मरद का जोर होना."

झालं. दुकानदार छोटी घे म्हणतो म्हणजे छोटीत काहीतरी खोड आहे, हे ओळखायला धुळाजीला वेळ लागला नाही. चाळीस वर्षं तो स्वतः हेच करत आला होता. त्याने मोठी बंदूक जमिनीवर उभी केली आणि चार पावलं मागे सरून तिचा बांधा पाहिला. दस्त्यावर थाप मारली. नळीच्या तोंडात बोट घालून वयाचा अंदाज घेतला. आखूड बंदुकीकडे पाहून "अंगात भरलेली न्हाई" एवढाच शेरा मारला. नातीचं वाढतं अंग आहे, तेव्हा वस्तूही ऐसपैस हवी, असाही एक हिशेब होता. मग मोठीच्या दस्त्यावर, उजव्या अंगाला, लाकडात गरगरीत फिरलेली एक गाठ त्याला दिसली. धुळाजीचे डोळे चमकले. शुभ भोवरा! आता हिला सोडणं म्हणजे घरी आलेली लक्ष्मी हाकलणं.

त्याने उपरणं पसरलं आणि दुकानदाराचा हात त्याखाली ओढला. किंमत बंदुकीला बांधलेल्या चिठ्ठीवर लिहिली होती, पण धुळाजीला वाचता येत नव्हतं आणि दुकानदाराला उपरण्याखालची भाषा येत नव्हती. त्यातून त्याला गुदगुल्या फार. धुळाजीने बोट दाबलं की तो हात आखडायचा, आणि धुळाजीला वाटायचं गडी कबूल होत नाही. शेवटी घाम पुसत, चिठ्ठीपेक्षा दीड रुपया जास्त मोजून, भाव पाडल्याच्या आनंदात धुळाजी बाहेर आला. दुकानदाराने चिठ्ठी दाखवायचा एकदा प्रयत्न केला होता, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं.

भिवराने बंदूक मांडीवर घेतली. नळीवरून हात फिरवला. कितीतरी दिवसांनी ती हसली.

पुढचे आठ दिवस गावात दुसरा विषय नव्हता. देवळापुढे, विहिरीवर, न्हाव्यासमोर डोकं वाकवून बसला असतानाही धुळाजी भोवऱ्याचं वर्णन करत होता. संध्याकाळी नात रानातून आली की विचारायचा, "कशी हाय बंदूक?"

"लई चांगली हाय, आबा," भिवरा म्हणायची आणि खाली मान घालून भाकरी मोडायची.

नवव्या दिवशी भर दुपारी धुळाजी शेजारच्या रानातल्या शहादेवला बंदूक दाखवायला घेऊन गेला. शहादेवने त्याच्याकडूनच तीन वर्षांपूर्वी बैल घेतला होता. दोघं बांधावर पोचले तर काय, भिवरा माळ्याखाली उभी राहून डाव्या हाताने पत्र्याचा डबा बडवत होती. बंदूक घोंगडीत गुंडाळून बाभळीला टेकवली होती. भोरड्या निवांत शाळू खात होत्या.

"अगं, उडव की बंदूक! शहादेवला दाव," धुळाजी म्हणाला.

भिवराने बंदूक घेतली. दस्ता पोटाशी धरून दोन्ही हातांनी नळी खाली ओढली. नळी हलली नाही. तिने गुडघा लावला, मग जमिनीवर बसून पाय लावला. डोळ्यांत पाणी आलं, पण नळी काही वाकली नाही. तिने एकही छर्रा आजवर उडवला नव्हता.

धुळाजीचा चेहरा पडला. "आट दिस झाले, तू मला चांगली हाय म्हनतीस. कावून गं?"

"मंग काय म्हनू?" भिवरा रडत म्हणाली. "तुमाला समदेच तसं म्हनत्यात. शहादेवमामाबी म्हनत्यात. त्यांचा बैल रोज दुपारी त्या बांधाला बसतोय, मी माळ्यावरून बगती की."

धुळाजीने मान वळवली. पलीकडच्या बांधाला, औताला जुंपल्यावर अर्ध्या तासातच बसकण मारून, एक धिप्पाड बैल डोळे मिटून रवंथ करत होता.

"शहादेव?"

"बसतोय थोडा," शहादेव जमिनीकडे पाहत म्हणाला. "दुपारपून बसतोय. पार सांजच्यापतूर. पन सभाव लई गरीब हाय बगा, आबा."

त्या रात्री धुळाजी जेवला नाही. पुढच्या बाजाराला मात्र त्याने गाडी जुंपली, भिवराला आणि बंदुकीला घेतलं आणि थेट त्याच दुकानापुढे जाऊन उभा राहिला. बाजाराचा दिवस, त्यामुळे त्याचे सगळे भाऊबंद हेडी शेजारच्या पानवाल्याकडे बसलेले. धुळाजी बंदूक परत करतोय म्हटल्यावर पानं चघळणं थांबलं आणि सगळे उठून आले.

दुकानदाराने बंदूक हातात घेतली, एका झटक्यात नळी वाकवून हवा भरली, छर्रा घातला आणि नेमासाठी टांगलेला लोखंडी पत्रा टणकन वाजवला. "इसमें खोट क्या है, बोलो. खोट बताव, पैसे लेव."

खोटी खोड सांगणं हा तर धुळाजीचा धंदा होता. कमान ढिली आहे, नळी वाकडी आहे, हवा खाते, अशा दहा खोडी त्याच्या जिभेवर आल्या. पण बंदूक सगळ्यांसमोर वाजली होती. हेडी त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. तेवढ्यात भिवराने त्याचं उपरणं ओढलं आणि हळूच म्हणाली, "आबा, पोरीच्याच हातात जोर न्हाई म्हना. माजा हात मोडका हाय, तसं म्हना."

धुळाजीने तिच्याकडे पाहिलं. ते वाक्य फार सोयीचं होतं. कुणाचंच नाक कापलं गेलं नसतं, एका मोडक्या हाताची पोर सोडली तर.

"बंदुकीत खोड न्हाई," तो मोठ्याने म्हणाला. "पोरीतबी न्हाई. मला बंदुकीतलं काय कळत न्हाई. ह्यो मानूस छोटी घे म्हनत होता, मी लाकडातला भोवरा बगून मोठी घेतली."

एका हेड्याने विचारलं, "दात बगितले का बे, धुळाजी?"

"बगितले," धुळाजी म्हणाला.

त्यावर जो हशा उठला, तो गुरांच्या बाजारापर्यंत गेला असावा. दुकानदारानेही हसत हसत बंदूक बदलून द्यायला मान डोलावली. धुळाजीच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. पण त्याने नातीला पुढे केलं आणि म्हणाला, "तू घे. तुला पायजे ती घे."

भिवराला निवडायला काहीच वेळ लागला नाही. तिने आखूड बंदूक उचलून तोलली. खाली बसली, दस्ता मांडीखाली दाबला आणि डाव्या हाताने नळी ओढली. नळी वाकली. पुन्हा एकदा करून पाहिलं. छर्रा घातला, नळी गाडीच्या चाकावर टेकवली आणि उजव्या हाताचं बोट घोड्यावर ठेवलं. दुकानदार वरचे पैसे मोजून देऊ लागला, तर ती तिकडे न बघताच म्हणाली, "त्याचे छरेच द्या."

हेडी अजून पोट धरून हसत होते. तेवढ्यात पत्रा वाजला.

धुळाजी गर्रकन वळला. पत्रा हलत होता आणि भिवरा त्याच्याकडे बघून दात काढून हसत होती. त्याने डोळे पुसले, फेटा सारखा केला आणि म्हणाला, "परत मार गं. ह्यांच्या हसन्यात मला नीट ऐकूच आलं न्हाई."